शिंपल्यांची साक्ष आणि कोळ्यांचा दावा

७ ऑगस्ट २०१० रोजी सकाळी मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया–३' या दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली. 'चित्रा' एका कुशीवर कलली, तिच्यावरील शेकडो कंटेनर समुद्रात कोसळले आणि तिच्या टाक्यांतील इंधन तेल वाहू लागले. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज त्या वेळी जाहीर झाला. दिवस ऐन पावसाळ्याचे होते. वारा आणि भरती यांनी काळा तवंग मुंबई, उरण, घारापुरी, अलिबाग या बाजूंच्या किनाऱ्यांवर आणि खाड्यांतील तिवरांच्या मुळांशी नेऊन टाकला. तटरक्षक दलाने तवंगावर तो फोडणारी रसायने फवारली. मासळी खाऊ नये अशा सूचना निघाल्या. हंगाम उघडण्याच्या तोंडावर मासळी बाजार ओस पडले. मग काही आठवड्यांनी तवंग दिसेनासा झाला आणि त्यापाठोपाठ वृत्तपत्रांतील बातमीही दिसेनाशी झाली.

परंतु तेल गेले कोठे? कोणत्या खाडीत किती उतरले, किती महिने राहिले, कोणाच्या ताटात पोहोचले, कोणाचा रोजगार त्याने किती दिवस बुडवला? तेलगळतीनंतरचे खरे प्रश्न हे आहेत. त्यांची उत्तरे तवंगाच्या छायाचित्रांत सापडत नाहीत, जहाजमालकाच्या निवेदनात तर नाहीतच. ती बऱ्याच अंशी सापडतात खडकाला चिकटून किंवा चिखलात रुतून बसलेल्या एका मुक्या प्राण्याच्या शरीरात, म्हणजे शिंपल्यात. गेल्या पन्नास वर्षांत विज्ञानाने या प्राण्याची साक्ष घेण्याची पद्धत पक्की केली आहे. ही साक्ष कोणाच्या दप्तरात नोंदली जाते आणि कोणाच्या कामी येते, हा मात्र विज्ञानाचा प्रश्न नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

भिलाईतील वाचक विचारील की समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, पोलादाच्या भट्ट्यांच्या सावलीत राहून कालवा-तिसऱ्यांची ही उठाठेव कशाला? या प्रश्नाचे उत्तर लेखाच्या उत्तरार्धात येईल. प्रथम शिंपल्याची ओळख करून घेऊ.

जागा न सोडणारा साक्षीदार

मासा पोहून दूर जातो. आज सापडलेला मासा काल कोठे होता हे कोणी सांगू शकत नाही. कालव किंवा शिनाणे यांचे तसे नाही. एकदा खडकाला धरले की ते आयुष्यभर तेथेच राहतात. खाण्यासाठी ते पाणी आत ओढतात, कल्ल्यांवरून गाळतात आणि बाहेर सोडतात. मोठा शिंपला ताशी लीटर-दोन लीटर पाणी सहज गाळतो. पाण्यात जे विरघळलेले आणि तरंगणारे असेल ते या गाळणीवरून जाते आणि त्यातील तेलकट, चरबीत विरघळणारी द्रव्ये शरीरात साठत जातात. बादलीभर पाणी तपासले तर त्या एका क्षणाचे पाणी कळते. शिंपला तपासला तर मागील कित्येक आठवड्यांचे पाणी कळते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. खनिज तेलात बहुवलयी हायड्रोकार्बन असतात, म्हणजे ज्यांच्या रेणूंत बेंझिनसारखी अनेक वलये एकमेकांना जोडलेली असतात अशी द्रव्ये. त्यांपैकी काही कर्करोगकारक आहेत. माशाचे यकृत ही द्रव्ये बऱ्याच वेगाने फोडून पित्तावाटे बाहेर टाकते, म्हणून माशाच्या मांसात ती अनेकदा अल्प आढळतात आणि समुद्र स्वच्छ झाल्याचा भास होतो. शिंपल्याच्या शरीरात ही फोडण्याची क्षमता फार कमी असते. जे शिरले ते तो सहजासहजी लपवू शकत नाही. साक्षीदार म्हणून त्याची योग्यता या दुबळेपणातच आहे.

तिसरी गोष्ट अशी की प्रयोगशाळेत या द्रव्यांचे परस्पर प्रमाण पाहून तेलाची ओळख पटते. सांडलेल्या कच्च्या वा इंधन तेलाची ठेवण वेगळी असते आणि कोळसा, लाकूड, डिझेल जळून झालेल्या काजळीची वेगळी. तेलातील काही रेणू पुराणकाळच्या जीवांचे अवशेष असून ते दीर्घकाळ टिकतात. त्यांच्यावरून एका क्षेत्राचे तेल दुसऱ्यापासून वेगळे काढता येते. गोव्याच्या किनाऱ्यांवर पावसाळ्याच्या सुमारास येणारे डांबरगोळे तेथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच रीतीने तपासले. त्यांतील काहींचे धागे बॉम्बे हायच्या तेलाशी जुळले, तर काहींचे टँकरच्या टाक्या धुऊन समुद्रात सोडलेल्या तेलाशी. 'समुद्रात तेल आहे, पण आमचे नाही' या नेहमीच्या बचावाला विज्ञानाने दिलेले हे उत्तर आहे.

अमेरिकन शास्त्रज्ञ एडवर्ड गोल्डबर्ग यांनी १९७५ साली जगभरच्या किनाऱ्यांवर अशी शिंपल्यांची पहारेदारी ठेवावी, असे सुचविले. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तिचा आरंभ झाला आणि १९८६ पासून तेथे ती कायम स्वरूपात सुरू झाली.

आधीच्या नोंदीचे मोल

या पद्धतीचा प्राण एका साध्या गोष्टीत आहे: गळतीपूर्वीची नोंद. गळतीनंतर शिंपल्यात अमुक इतके तेल सापडले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. आधी किती होते, हा पहिला उलट प्रश्न येतो.

अलास्काचे उदाहरण पाहा. १९७७ साली तेथील व्हाल्डेझ बंदरातून तेलाची वाहतूक सुरू झाली. त्याच वर्षापासून १९८० पर्यंत सरकारी शास्त्रज्ञांनी प्रिन्स विल्यम साउंड या उपसागराच्या किनाऱ्यावरील शिनाणे आणि गाळ यांचे नमुने घेऊन त्यांतील हायड्रोकार्बन मोजून ठेवले. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्सॉन व्हाल्डेझ' हा टँकर तेथे खडकावर आपटला आणि सुमारे ३७,००० टन कच्चे तेल सांडले. तेथील प्रदूषणात नैसर्गिक झिरप्यांचा आणि जुन्या उद्योगांचा वाटा किती, यावर पुढे कंपनीच्या बाजूचे आणि सरकारी शास्त्रज्ञ यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. त्या वादात नऊ ते बारा वर्षांपूर्वीच्या त्या आकड्यांना पुराव्याचे मोल आले. वरून स्वच्छ दिसणाऱ्या काही किनाऱ्यांवर शिनाण्यांच्या दाट थरांखालच्या गाळात तेल अनेक वर्षे टिकून राहिले होते, हेही शिनाण्यांनीच उघड केले.

फ्रान्समधील ब्रिटनीच्या किनाऱ्यावर १६ मार्च १९७८ रोजी 'अमोको कादिझ' फुटली आणि दोन लाख टनांहून अधिक कच्चे तेल वाहून गेले. तेथे कालवांची शेती करणाऱ्यांच्या खाड्या तेलाने भरल्या. तेथील गावांनी आणि सरकारने थेट अमेरिकेत, शिकागोच्या न्यायालयात, कंपनीवर दावा लावला. १९८४ मध्ये कंपनीची जबाबदारी निश्चित झाली. नुकसानीच्या आकड्यावरची झुंज १९९२ पर्यंत चालली. फ्रान्ससारख्या धनिक देशातील संघटित गावांना चौदा वर्षे लागली. मग उरणच्या किंवा मालवणच्या एकट्या कोळिणीने काय करावे?

कायद्याचा काटा कोणाकडे झुकतो?

सागरी कायद्याचा एक मूलभूत नियम श्रमिकांनी नीट समजून घेतला पाहिजे. जहाजमालकाच्या देयतेला आंतरराष्ट्रीय करारांनी कमाल मर्यादा घातली आहे आणि ती मर्यादा जहाजाच्या टनभारावरून ठरते. झालेल्या नुकसानीवरून नाही. मालक एका देशातला, जहाजाचा ध्वज पनामाचा किंवा लायबेरियाचा, विमा तिसऱ्या देशातला, खलाशी चौथ्या देशातले, आणि तेल मात्र आमच्या खाडीत! नफा कोठे जमा होतो ते चटकन कळत नाही. तोटा कोठे जमा होतो ते ओहोटीला उघड्या डोळ्यांनी दिसते.

टँकरमधून होणाऱ्या गळतीसाठी जो आंतरराष्ट्रीय निधी आहे, त्याच्या नियमांनुसार पर्यावरणाच्या हानीचा नुसता सैद्धांतिक हिशेब ग्राह्य धरला जात नाही. प्रत्यक्ष आर्थिक नुकसान किंवा खर्च दाखवावा लागतो. वरकरणी हे वाजवी वाटते. परंतु ओहोटीला चिखलात उतरून टोपलीभर तिसऱ्या काढणाऱ्या आणि नाक्यावर बसून विकणाऱ्या बाईकडे पावतीपुस्तक नसते. तिची खाडी आधी स्वच्छ होती याचा कागद नसतो आणि नंतर किती महिने नासली होती याचाही नसतो. पुरावा नाही, म्हणून नुकसान नाही. भांडवलदारी हिशेबवहीत गरिबाचा तोटा असा नाहीसा होतो.

लढल्यास काहीच मिळत नाही असेही नव्हे. ४ ऑगस्ट २०११ रोजी मुंबईजवळ 'रॅक कॅरियर' हे कोळसावाहू जहाज साठ हजार टन कोळसा आणि इंधन तेलासह बुडाले. एका पर्यावरणप्रेमी नागरिकाच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१६ मध्ये जहाज कंपन्यांना १०० कोटी रुपये भरपाईचा आदेश दिला. आदेश होईपर्यंत पाच वर्षे गेली. २५ मे २०२५ रोजी कोचीजवळ लायबेरियाचा ध्वज लावलेले 'एमएससी एल्सा–३' बुडाले. त्यावर सहाशेहून अधिक कंटेनर होते आणि टाक्यांत साडेतीनशे टनांहून अधिक इंधन तेल. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटी रुपयांचा दावा लावला. अशा प्रत्येक दाव्यात प्रतिपक्षाचे वकील एकच प्रश्न विचारतात: आधीची स्थिती काय होती? त्या प्रश्नाला उत्तर तयार ठेवण्याचे काम जहाज बुडण्यापूर्वीच करावे लागते.

आपल्या देशात समुद्राच्या पाण्याचे आणि गाळाचे मापन करणारा सरकारी कार्यक्रम १९९१ पासून आहे, तेलगळतीशी मुकाबला करण्याची राष्ट्रीय योजना १९९६ पासून आहे, तज्ज्ञ संस्था आहेत, यंत्रे आहेत. शास्त्रज्ञांच्या कामाला नावे ठेवण्याचा येथे हेतू नाही. परंतु किनाऱ्याच्या माणसाला समजेल अशा भाषेत, त्याच्याच खाडीतील शिंपल्यांची ऋतुगणिक नोंद त्याच्या हाती पडली पाहिजे. ती पडत नाही तोवर हे ज्ञान त्याच्यापुरते कुलपातच राहते.

एक गंभीर आक्षेप

या मागणीवर सर्वांत गंभीर आक्षेप कंपन्यांचा नाही. तो कोळीवाड्यातूनच येतो आणि त्याला बगल देता येणार नाही. आक्षेप असा की शिंपल्यांत विष सापडल्याचे जाहीर झाले तर गिऱ्हाईक येईनासे होईल. कंपनी सुटून जाईल आणि उपाशी राहील ती शिंपले विकणारी बाई. २०१० च्या ऑगस्टात हेच घडले नाही काय?

भीती खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. २०१० साली बाजार ओस पडले ते आकडे जाहीर झाले म्हणून नव्हे, तर विश्वासाचे आकडे हाती नव्हते म्हणून. कोणती खाडी नासली आणि कोणती सुरक्षित आहे हे सांगणारा कोणी नसल्यामुळे सगळीच मासळी संशयित ठरली, दूरच्या स्वच्छ पाण्यातली सुद्धा. खाडीवार नोंद असती तर 'येथील कालवे इतके महिने खाऊ नका, तेथील खुशाल खा' असे सांगता आले असते. बंदी कधी उठवायची हेही शिंपलाच सांगतो, कारण स्वच्छ पाण्यात काही आठवडे राहिला की साठलेल्या तेलाचा मोठा भाग तो हळूहळू बाहेर टाकतो. मौन बाळगल्याने बाजार वाचत नाही. संशय तेवढा टिकून राहतो. शिवाय त्या टोपलीतील पहिला घास तिच्या स्वतःच्या मुलाबाळांच्या ताटात पडतो, हे विसरून चालणार नाही.

तथापि या आक्षेपातून एक अट निघते आणि ती आपण कसोशीने पाळली पाहिजे. इशारा आणि भरपाई एकाच दिवशी निघाली पाहिजे. खाडी बंद केल्याच्या दिवसापासून तेथे उदरनिर्वाह करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला, होडी असो वा नसो, नावावर परवाना असो वा नसो, निर्वाह भत्ता मिळाला पाहिजे. तो प्रदूषकाकडून सरकारने मागाहून वसूल करावा. भरपाईविना काढलेला इशारा म्हणजे गुन्हेगाराऐवजी साक्षीदाराला दिलेली शिक्षा.

नोंद कोणाच्या हाती?

जपानमधील मिनामाताची कथा या संदर्भात आठवावी. चिस्सो कंपनीचा कारखाना आपले पारायुक्त सांडपाणी उपसागरात सोडत होता. तेथील मासे आणि शिंपले खाणारी मच्छीमारांची कुटुंबे १९५० च्या दशकात चेतासंस्थेच्या भयंकर विकाराने पिडली. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कंपनीच्याच रुग्णालयातील डॉक्टर होसोकावा यांनी कारखान्याचे सांडपाणी मांजराला खाऊ घालून तोच विकार उद्भवतो हे पाहिले. कंपनीने तो निष्कर्ष दडपला. सरकारने कारण मान्य केले ते १९६८ साली. ज्ञान होते, नोंद होती. पण ती कंपनीच्या कपाटात होती. मधल्या नऊ वर्षांची किंमत मच्छीमारांच्या मुलांनी मोजली.

म्हणून खर्च प्रदूषकाने द्यावा, परंतु नोंद त्याच्या ताब्यात असता कामा नये. नमुना घेताना मच्छीमार सहकारी संस्थेचे, विशेषतः शिंपले वेचणाऱ्या स्त्रियांचे, प्रतिनिधी हजर असावेत; प्रत्येक नमुन्याचा दुसरा भाग गोठवून राखून ठेवावा, म्हणजे उद्या वाद झाल्यास तो पुन्हा तपासता येईल.

या स्त्रियांचे स्थान केवळ मान म्हणून नाही. अनुवादकाच्या कामात एक गोष्ट वारंवार ध्यानात येते. इंग्रजी लेखांत या प्राण्यांची जी वेगवेगळी नावे येतात त्या सर्वांना ग्रंथांतली मराठी बहुधा एकच शब्द देते: शिंपला. कोकणात मात्र कालवे वेगळे, तिसऱ्या वेगळ्या, मुळे, खुबे, शिनाणे वेगळे. कोणते खडकावर, कोणते वाळूत, कोणते चिखलात, पावसाच्या गोड्या पाण्याने कोणते मरतात, कोणत्या महिन्यात ते भरलेले असतात आणि कोणत्या महिन्यात पोकळ, हे त्या बायांना पाठ आहे. शास्त्राला नेमके हेच हवे असते. कारण प्रजननाच्या काळात शिंपल्यातील चरबी बदलते, तसे साठलेल्या तेलाचे प्रमाणही बदलते. पावसाळ्यातला आकडा उन्हाळ्यातल्या आकड्याशी आंधळेपणाने ताडला तर फसगत होते. या ज्ञानाशिवाय घेतलेला नमुना महागड्या यंत्रातून गेला तरी अडाणीच राहतो.

आणि प्रत्येक तपासणीला महागडे यंत्र लागतेच असे नाही. निरोगी शिनाणे पाण्याबाहेर ओलसर हवेत कित्येक दिवस तग धरतात. प्रदूषणाने खंगलेले लवकर मरतात. एकाच आकाराचे शिनाणे दोन ठिकाणांहून आणून परातीत ठेवावेत आणि रोज किती मेले ते मोजावे, ही शास्त्राने मान्य केलेली चाचणी आहे. ती कोणत्याही शाळेत, कोणत्याही सोसायटीच्या ओसरीवर करता येईल. त्यावरून विषाचे नाव कळत नाही, पण प्रयोगशाळेत धाव केव्हा घ्यायची ते कळते. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने झालेल्या प्रकल्पात स्त्रियांच्या बचत गटांनी कालवे आणि शिनाणे यांची शेती केली आहे. पाण्यात टांगलेली अशी प्रत्येक माळ पहाऱ्याची चौकी होऊ शकते.

भिलाईचा संबंध

आता भिलाईकडे वळू. ज्या बहुवलयी हायड्रोकार्बनांसाठी शिंपले तपासले जातात, तीच द्रव्ये कोळशापासून कोक करताना डांबर आणि धुरातून बाहेर पडतात. कोक निर्मितीच्या कामात माणसाला कर्करोग होतो, असा स्पष्ट निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने दिलेला आहे. काजळी आणि कर्करोग यांचा संबंध तर १७७५ सालीच लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्या मुलांवरून दाखवला होता. कोक ओव्हनवरील कामगाराच्या लघवीतील एक विशिष्ट द्रव्य मोजून त्याच्या शरीरात ही विषे किती गेली हे सांगण्याची पद्धत १९८० च्या दशकापासून उपलब्ध आहे. म्हणजे भट्टीपुढे उभा असलेला कामगारही आपल्या जागेला बांधलेला आहे, समोरची हवा गाळून आत घेत आहे आणि आपल्या शरीरात नोंद साठवीत आहे. फरक इतकाच की शिंपला दावा लावू शकत नाही. कामगार लावू शकतो, जर नोंद त्याच्या हाती असेल तर.

आपल्या शिवनाथेचे पाणी महानदीतून पारादीपपाशी बंगालच्या उपसागराला मिळते, हेही ध्यानात असू द्यावे. नद्या-तळ्यांच्या चिखलातही शिंपले असतात आणि तेही जड धातूंची साक्ष देतात. किनारा आणि पोलादनगरी हे दोन प्रश्न नाहीत.

येथे आत्मपरीक्षणही केले पाहिजे. प्रदूषण हा सुखवस्तूंच्या चर्चेचा विषय, कामगारांचा प्रश्न मजुरी आणि नोकरी, अशी समजूत आपल्याही काही कार्यकर्त्यांत दीर्घकाळ होती. परिणामी कारखान्याचा कामगार आणि खाडीचा कोळी एकमेकांसमोर उभे केले गेले आणि मालक बाजूला राहिला. दोघांच्याही शरीरात एकच द्रव्य साठते, ही वस्तुस्थिती या फुटीवर पुरेसे उत्तर आहे.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. डहाणूपासून तेरेखोलपर्यंत आणि पुढे गोव्यात ठरावीक ठिकाणी, दर ऋतूत, शिंपल्यांची कायम तपासणी. तिचे निकाल मराठीत आणि कोकणीत मच्छीमार संस्थांच्या फलकांवर. राखीव नमुन्यांचा सार्वजनिक साठा. इशाऱ्याबरोबरच निर्वाह भत्ता. आणि कारखान्यांत कामगाराच्या शरीरतपासणीचा निकाल कामगाराच्या व त्याच्या युनियनच्या हाती. यांपैकी एकाही मागणीसाठी नवे विज्ञान लागत नाही.

किनाऱ्यावरील साथींनी दुसऱ्या गळतीची वाट पाहू नये. येत्या अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला शिंपले वेचणाऱ्या बायांबरोबर खाडीत उतरावे, कोठे काय मिळते, किती मिळते, वास येतो काय, हे तारखेनिशी वहीत लिहावे आणि त्यावर त्यांचे अंगठे-सह्या घ्याव्यात. त्या वहीचे पहिले पान जहाज बुडण्याच्या आधीच्या तारखेचे असले पाहिजे.